काचेचं हँडल

जुन्नरात व्हॉट्सॲपवर दहाव्याचा निरोप आला की लोक आधी गेलेल्याचं वय बघतात. आमचे शेजारी गेनभाऊ मात्र त्याच्या घरी जुनी फियाट होती का, ते आठवतात. असेल तर दहाव्याच्या सकाळी धुतलेली टोपी घालून माझ्या दारात हजर. चेहऱ्यावर दुःख आणि खिशात स्क्रूड्रायव्हर.

गेनभाऊ कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं गळ्यात माळ घालतात, यांनी दारात एक मोडकी फियाट आणून उभी केली. तीन वर्षं तिचे बारीकसारीक भाग हुडकतायत. बाजारातला नवा डुप्लिकेट भाग दाखवला तर लग्नात शिळी भाकरी वाढल्यासारखं तोंड करतात. "वरिजनल न्हाई तर न्हाई," एवढंच म्हणतात.

मंचरच्या एका दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. मुलांनी सगळं कबूल करून पाहिलं. आईला सांभाळू, विहिरीवरून भांडणार नाही. कावळा बाभळीवर ढिम्म. शेवटी गेनभाऊ पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "आण्णा, गाडीच्या दिव्यांची काळजी करू नका. ते मी सांबाळतो." कावळा लगेच खाली. आता मुलांची नाही म्हणायची काय बिशाद? दुपारच्या बसमध्ये मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होतो आणि गेनभाऊ मांडीवर दिवा घेऊन पुसत होते.

असं करत करत गाडी चालू झाली. पण काच खाली-वर करायचं हँडल एकाही दाराला नव्हतं, आणि इथंच घोडं अडलं. कारण शेजारी बसणार त्यांची बायको, हौसावहिनी, आणि वहिनींना गाडी लागते. बसचा नुसता वास आला तरी उलटी. त्यांचं माहेर घाटघर. तिथं थोरला भाऊ या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला, आणि फोनवर रोज एकच विचारायचा, गाडी झाली का?

मी सुचवलं, हँडलच्या जागी दारातून डोकावणाऱ्या खिळीला पक्कड लावून काच फिरवा की. गेनभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, बायकुच्या हातात पक्कड देऊ व्हय? ती काय फिटर हाये?"

मग आणे गावातला एक दहावा आला. तिथला कावळा पहिल्याच फटक्यात शिवला. विधी उरकल्यावर मुलानं आम्हाला घरामागच्या गोठ्यात नेलं. ताडपत्रीखाली फियाट, आणि पुढच्या दोन्ही दारांना हँडलं. गेनभाऊंनी डाव्या हँडलवरून हात फिरवला. माझे विद्यार्थी पास झाल्यावर मला इतका आनंद होत नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, तेवढ्यात गेलेल्याची बायको आली.

"घ्या की भाऊ," ती म्हणाली. "गाडी काय आता चालायची न्हाई. सांजच्याला आमी दोगं नुसतं आत बसायचो, गार वारं खात. माज्या बाजूचं घ्या. त्यांचं तेवढं राहू द्या."

गेनभाऊंचा हात थांबला. मग त्यांनी स्क्रू उलटा न फिरवता आवळला. तेलाची बाटली मागून दोन थेंब सोडले, काच खाली-वर करून पाहिली आणि तिलाही करायला लावली. "हे मॉडेल निराळं हाये, आमच्या कामाचं न्हाई," म्हणाले. धडधडीत खोटं. मॉडेल तेच होतं, हे आता मलाही कळतं.

मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की आळेफाट्यापर्यंतचं त्यांचंही तिकीट मीच काढलं. जुन्नरची बस धरल्यावर म्हणाले, "उद्या घाटघरला निघतो. गुरुजी, तुमची बारकी पक्कड द्या. माजी मोठी हाये, तिच्या हाताला जड व्हईल."

सकाळी पाहिलं तर माझ्या पकडीच्या दोन्ही मुठींना मऊ सुती लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. वहिनी पक्कड मांडीवर घेऊन बसल्या आणि गाडी गेली.

परवा वहिनी ओट्यावर भेटल्या. भावाला भेटून आल्या होत्या, उलटी एकदाही झाली नव्हती. चढाला गरज नसतानाही काच चारदा खाली-वर केली, असं हळूच सांगितलं.

पक्कड अजून त्यांच्याकडेच आहे. आमचा नळ गळतोय, बायको रोज बोलते. गळू दे.