विद्यापीठाच्या घरचं कार्य

उद्घाटनाची पत्रिका हातात आली आणि आरफा काउंटरमागच्या स्टुलावर मटकन बसली. तिनं लिहून दिलेला मजकूर चार ओळींचा होता. मीनाखोरे विद्यापीठाच्या विद्यार्थी सुविधा केंद्राचं उद्घाटन, तारीख, वेळ, ठिकाण. संपलं. हातातल्या कार्डावर मात्र वर सोनेरी गणपती होता, दोन्ही बाजूंना सनई-चौघडा होता आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत छापलं होतं, 'भोजन : दुपारी बारा ते आपल्या आगमनापर्यंत'.

"अब्बा, जेवणाचं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" नवाबभाई म्हणाले. "कार्य म्हटलं की जेवण आलंच. तुझा मजकूर इतका रोडका होता बेटा, मला तर बघवेना. लोकांनी नावं ठेवली असती विद्यापीठाला."

नवाबभाईंचा जन्म जुन्नरात लग्नपत्रिका छापण्यात गेला होता. शेरवानीवाल्यांच्या, फेटेवाल्यांच्या, सगळ्यांच्या. ही पत्रिका छापायच्या दिवशी आरफा तापानं पडली होती, म्हणून त्यांनी मजकूर हातात घेतला आणि पोरीला मदत म्हणून त्यात चार गोष्टी मायेनं घातल्या. बापाच्या मायेला कुणी काय म्हणावं!

"आणि हे 'किलबिल' काय आहे?" आरफाचा आवाज चिरकला. "'आमच्या सेंटरच्या ओपनिंगला यायचं हं! भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि छोटी वनस्पतिशास्त्र.' अब्बा, हे विभाग आहेत! पोरं नाहीत कुणाची!"

"तूच म्हणालीस, वनस्पतिशास्त्र यंदाच सुरू झालं. मग छोटीच की ती."

आता हे केंद्र काय होतं ते सांगायला हवं. विद्यापीठानं माळावर दोन मजली टोलेजंग इमारत बांधली आणि तिच्यात गाळे काढले. सलून आलं, मेडिकल आलं, कपडे धुवायची यंत्रं आली, व्यायामशाळा आली. ध्यानाला 'शांत कक्ष' आला. तळाशी अवसरी बुद्रुकच्या हौशीरामांचं हॉटेल होतं आणि जिन्याशेजारी आरफाचं झेरॉक्स-छपाईचं दुकान. आलं नाही ते फक्त गिऱ्हाईक. इमारत वसतिगृहाच्या पाठीमागे, आणि पोरांना सगळ्या गोष्टींसाठी हायवेवरच्या पेठ गावाला जायची सवय. सलूनवाला भरत कंटाळून स्वतःचीच दाढी दिवसातून दोनदा करायचा.

कुलसचिव रणपिसे सरांनी शेवटी स्पष्ट सांगून टाकलं होतं. रीतसर उद्घाटन होईल. त्या दिवशी केंद्रात काही हालचाल दिसली तर ठीक, नाहीतर गाळे बंद आणि सगळी जागा पुण्याच्या एका कंपनीला. नाणं टाकलं की खाऊचं पाकीट पडतं, तसली यंत्रं लावणारी कंपनी. म्हणजे आरफाचं दुकान गेलंच. पाटीवर तिचं स्वतःचं नाव होतं. ती पाटी तिनं रोज सकाळी पुसली होती, धूळ नसली तरी. गाळा गेला की परत जुन्नर, परत अब्बांच्या काउंटरमागचं स्टूल. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं.

"किती छापली?" तिनं विचारलं.

"हजार. त्याच्या खाली मशीनला हात लावायचा म्हणजे मशीनचा अपमान."

"मी दोनशे सांगितली होती! बाकीची कुठंयत?"

बाकीची हौशीरामांनी नेली होती. आरफा धावत हॉटेलात गेली तेव्हा ते खुशीत चहा गाळत होते.

"वाटली की सगळी!" हौशीराम म्हणाले. "आमची अवसरी झाली, पेठ झालं, निरगुडसर तर घरटी झालं. एक बी घर सोडलं न्हाई. विद्यापीठाच्या घरचं पयलं कार्य हाय, आन आपून भावकीत फूट पाडायची व्हय?"

आरफा तशीच कुलसचिवांकडे गेली. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेली. पण सर फोनवर होते आणि फोन ठेवता ठेवताच खेकसले, "कार्डाचं मला काही सांगू नका. माणसं येतील का तेवढं सांगा. निदान चाळीस तरी?"

"येतील सर," आरफा म्हणाली. खोटं तर ती बोलली नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पहिला पिकअप आला, त्यातून निरगुडसरच्या बायका उतरल्या. मागून दोन टेम्पो आले. मग ट्रॅक्टर. मग मोटारसायकलींची रांग लागली ती पार फाटकापर्यंत. पुरुषांच्या हातात टॉवेल-टोपी, बायकांच्या हातात ब्लाउजपीस, एकानं तर प्रेशर कुकर आणलेला.

"ही मंडळी कोण?" रणपिसे सर ओरडले.

"पावणं," हौशीराम म्हणाले.

"कुणाचे?"

"तुमचंच की! कार्डावर निमंत्रक कोन हाय? खाली तुमचंच नाव छापलंय."

सरांनी कार्ड बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग त्यांनी आरफाकडे अशा नजरेनं बघितलं की ती मनातल्या मनात दुकानाला कुलूप लावून मोकळी झाली. "संध्याकाळी माझ्याकडे या. किल्ली घेऊन," ते म्हणाले. शेजारीच त्या पुण्याच्या कंपनीचा ऋषी नावाचा तरुण साहेब उभा होता, हातात जागा मोजायची टेप घेऊन. त्याला रिकामा हॉल मोजायचा होता. हॉलमध्ये टेप टाकायलाही जागा नव्हती.

आणि जेवण? जेवण म्हणजे एका माणसाला एक सामोसा आणि दोन बिस्किटं, तीही चाळीसच माणसांना. आलेले पाहुणे घड्याळ बघायला लागले. भुकेला पाहुणा आणि बांधावरचं भांडण, दोन्ही वाढत जातात. शेवटी हौशीरामांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी पदर खोचला.

"बघत काय ऱ्हायलासा? पेठंच्या गेणभाऊच्या टेम्पोत बटाटं हायती, बाजाराला चाललेली. उतरवा! भात टाका, मटकीची आमटी टाका. कार्याला आलेली मानसं उपाशी गेली तर तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई."

"एवढे मातीचे बटाटे धुवायचे कुठं?" आरफानं विचारलं.

धोंडाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. लाँड्रीच्या काचेमागे यंत्रं उभी होती, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. "नवीकोरी हायती. साबन लागलाय कुठं त्यांना?" त्या म्हणाल्या आणि पहिलं पोतं आत गेलं. गडगड गडगड असा आवाज झाला की अख्खी इमारत थरथरली. पण बटाटे असे लख्ख निघाले की बायकांनी ते एकमेकींना दाखवले.

तो गडगडाट ऐकून वसतिगृहातली पोरं खिडक्यांत आली. मागून फोडणीचा वास गेला. मेसची पातळ डाळ खाऊन खाऊन पिचलेली पोरं ती, थांबतात कशाला! धडाधड खाली उतरली.

"आयला, इथं सलून आहे?" एकजण म्हणाला.

"सहा महिन्यांपासून आहे!" भरत जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. त्याच्या खुर्चीपुढं आधीच अवसरीच्या म्हाताऱ्यांची रांग होती. व्यायामशाळेत चार आजोबा सायकलींवर बसून निवांत पेपर वाचत होते. शांत कक्षात लेकुरवाळ्यांनी बाळं निजवली होती, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच खरोखर शांतता होती. पोरांनी पंक्ती मांडल्या, वाढायला घेतलं. मध्येच कुणाला असाइनमेंटची आठवण झाली, आणि आरफाचं मशीन जे सुरू झालं ते थांबेना. तिचे डोळे सारखे भरून येत होते. शेवटच्या दिवशी दुकान चालावं, हे काय नशीब म्हणायचं?

एवढ्यात बातमी आली की गणिताचा विभाग जेवायला बसत नाही. का? तर कार्डावर त्यांचं नाव नाही. रसायनशास्त्राचं आहे, छोट्या वनस्पतिशास्त्राचंसुद्धा आहे, आणि गणिताचं नाही.

"हे काय पोरकटपण आहे?" कुलसचिव कडाडले.

"सायेब, रुसवा असा दाबून मिटत नसतो," हौशीराम म्हणाले. "हाताला धरून आनायचं असतं. चला." आणि कुलसचिव, ज्यांनी आयुष्यात कुणाला 'कृपया' म्हटलं नव्हतं, ते गणिताच्या विभागप्रमुखांचा हात धरून "तुमच्याशिवाय पंगत बसायची नाही हो" असं म्हणताना सगळ्यांनी पाहिले. पहिल्या पंगतीत मानाचं पान मिळाल्यावर गणिताचा हिशेब बरोबर आला.

तोवर इकडं निरगुडसरच्या बायकांनी कुलगुरू वृषाली मॅडमना पाटावर बसवून त्यांची ओटी भरली होती. मॅडम परदेशात शिकलेल्या, कडक, हसणं म्हणजे वर्षातून एकदा. पण ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "माझी आई गेल्यापासून कुणी भरली नव्हती हो." मग भाषण राहिलंच. फीत कापायचीही राहिली, कारण ती एका पोरानं केव्हाच पतंगाला बांधली होती.

संध्याकाळी आरफा किल्ली घेऊन कुलसचिवांपुढं उभी राहिली. मागे नवाबभाई, मान खाली घालून.

"चूक माझी आहे सर," आरफा म्हणाली. "दुकान माझं, काम माझं. अब्बांना काही बोलू नका."

"गुन्हा मी केला साहेब," नवाबभाई पुटपुटले. "तिचं दुकान घेऊ नका. मी परत इकडं पाय ठेवणार नाही."

कुलसचिव काही बोलायच्या आत ऋषी आत आला. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, खांद्यावर टॉवेल होता, आणि चालताना तो जरा मागे झुकत होता. धोंडाबाईंनी त्याला चार वेळा वाढलं होतं.

"सर, आमची कंपनी इथं नको," तो म्हणाला.

"का? जागा तर आज खाली करून देतो!"

"नाही हो सर. आमच्या मशीनमध्ये नाणं टाकलं की पाकीट पडतं. इथल्या लोकांना पाकीट पुरत नाही. त्यांना आग्रह लागतो. मशीनला आग्रह करता येत नाही सर."

दारात उभ्या राहिलेल्या कुलगुरू मॅडम हसल्या. त्या वर्षात दुसऱ्यांदा. "रणपिसे, किल्ली तिच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि दर महिन्याला एक पंगत धरा. विद्यापीठाच्या खर्चानं."

आरफानं किल्ली घट्ट मुठीत धरली आणि तिला रडूच फुटलं. नवाबभाई मात्र दाराकडे वळले होते, दिलेला शब्द पाळायला.

"चाचा, थांबा ना," ऋषी त्यांच्या मागे धावला. तो लाजला होता. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. पत्रिका पुण्यात छापली, पण चारच ओळी आहेत, कुणी येईल असं वाटत नाही. तुम्ही जरा मजकूर बघाल?"

नवाबभाईंनी एकदा लेकीकडे बघितलं. आरफानं डोळे पुसले, दोघांना आपल्या दुकानात आणलं आणि काउंटरमागचं स्टूल पुढं सरकवलं. ते त्यावर ऐसपैस बसले, खिशातून पेन काढलं आणि ऋषीकडे रोखून बघत म्हणाले,

"आधी सांग बेटा, मामा किती?"