तायडे सरांची चालत्या जीपमधली परीक्षा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर सोनाळ्याच्या तायडे सरांचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आज विमान चालवतो, तेही त्यांच्यामुळेच. पण हेच सर चप्पल घेताना ती पायात घालून दुकानाबाहेर पळत सुटतात, हेही सांगायला हवं. गिऱ्हाईक पळालं म्हणून दुकानदार मागे धावतो, तोवर सर परत येतात. "डावी चावते. दुसरी दाखव."

बसल्या जागी नीट चालणाऱ्या कोणत्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. नवी छत्री ते स्कूटरवर मागे बसून उघडतात. तेराचा पाढा आम्ही मैदानाला फेऱ्या मारत शिकलो. धापा टाकत कोणी चुकलं की म्हणायचे, "बसून तं सारेच हुशार असतात बे! पळता पळता सांग!"

गेल्या वर्षी मी भाड्याने विमानं देणाऱ्या एका लहान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलो. अजून कायम झालो नव्हतो. कंपनीला चार्ट नव्याने घ्यायचे होते. चार्ट म्हणजे वैमानिकाचे नकाशे. ढगातून कोणत्या वाटेनं उतरायचं, धावपट्टी दिसली नाही तर कुठवर खाली यायचं आणि कुठून परत वर जायचं, हे सगळं त्यावर असतं. हल्ली ते टॅबलेटवर येतात. दोन कंपन्यांचे नमुने आले होते. एकीचे रंगीत, डोंगर तपकिरी, पाणी निळं. दुसरीचे साधे, काळेपांढरे. मुख्य कॅप्टनसाहेबांनी दोन्ही माझ्या हाती दिले. "तुझं मत लेखी दे," म्हणाले. आणि जाता जाता, "रंगीत छान आहेत, नाही?"

मी सुट्टीवर आलो तो रंगीत ठरवूनच. सरांना सहज दाखवले. त्यांनी टॅबलेट लांब धरला, जवळ धरला, वाकडा धरला.

"हे कुठी बसून पाह्यलं तू?"

"खोलीवर, सर. टेबलावर."

"टेबल उडते काय तुहं?"

झालं. मला नांदुऱ्याहून रेल्वे पकडायची होती. चालत्या गाडीत परीक्षा घ्यायची म्हणून सर माझ्यासोबत काळीपिवळी जीपमध्ये चढले. रस्ता उकरून ठेवलेला, त्यामुळे सर खुशीत होते. बऱ्याच विमानतळांच्या चार्टांवरचे प्रश्न आणि उत्तरं मीच त्यांना कागदावर लिहून दिली होती.

"भाऊ, खड्डे चुकवू नको," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

"काऊन गुर्जी, कंबर जास्त झाली काय?"

आधी रंगीत. जीप उसळत होती, टॅबलेट हातात नाचत होता.

"पाऊस हाय. धावपट्टी दिसत नाही. कुठवर खाली येशील?"

मी आकडा सांगितला. बरोबर आला.

"उताराचा सिग्नल बंद पडला! आता? लवकर!"

जमिनीवरून येणारा हा सिग्नल नसला की तितकं खाली येता येत नाही, आकडा वेगळा असतो. तेवढ्यात मोठा खड्डा आला. शेजारच्या मावशींची मेथीची पिशवी माझ्या मांडीवर आली. मी ओरडून आकडा सांगितला.

सर कागदाकडे पाहत राहिले. "पुन्हा पाह्य."

पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून जीप थांबली. मी पुन्हा पाहिलं. शेजारच्या रकान्यातला आकडा मी वाचला होता. त्या उंचीवर समोर डोंगर होता. तपकिरी, देखणा.

"पास झालं का पोरगं?" मावशींनी विचारलं.

सरांनी साधा चार्ट पुढे केला. तसेच खड्डे, तसेच प्रश्न, फक्त विमानतळ दुसरा. एकही उत्तर चुकलं नाही.

नांदुऱ्याला उतरल्यावर मी म्हणालो, "सर, साहेबांना रंगीत पाहिजे. मी साधे म्हटलं आणि त्यांनी मले कायम केलं नाही तं?"

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या बॅगेचा पट्टा धरला.

"गजू, मी कधी इमानात बसलो नाही. तू वर असला का मले घास उतरत नाही. तुही काकू होती तवा तिच्यापाशी बोलत होतो. आता भिताडाले सांगतो. तुह्या मायले मीच म्हटलं होतं ना, जाऊ द्या पोराले? नोकरी दुसरी भेटते, बाबू."

मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "चाल, गाडी आली!" गाडी आली नव्हती.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून पोचल्यावर मी पत्र लिहिलं:

"आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. साधे चार्ट घ्यावेत, असं मी लेखी दिलं. रंगीत वाचताना माझी काय चूक झाली, तेही लिहिलं. साहेबांनी कागद वाचून ठेवून घेतला. नोकरीचं काय ते कळेल तेव्हा कळेल.

लवकरच पावसातली उड्डाणं सुरू होतील. मी उतरलो की पहिला फोन तुम्हाला करीन. आईबाबांना तुम्ही सांगा. पण माझं उड्डाण असेल त्या दिवशी आमच्या घरीच जेवायला जात जा. आईलाही घास उतरत नाही, हे तिनं मला आत्ता फोनवर पहिल्यांदाच सांगितलं. एकत्र बसलात, तर तिघंही थोडं जेवाल.

तुमचा,
गजानन"