मधल्या कॉलनीची मोजणी

साहेब, तुम्ही विषमता कमी केली नाहीत. तुम्ही ती पाहणीतून गाळलीत.

नियम साधा होता. शहराचा विषमता निर्देशांक चाळीसच्या वर राहिला, तर खालच्या वस्तीतला सरकारी दवाखाना चालू; खाली आला, तर बंद. दर पन्नासाव्या घरी जाऊन उत्पन्न विचारायचं. काम मिळालं त्याच वस्तीतल्या प्रगणक बाईला. तिची नणंद आठव्या महिन्यात होती, आणि पुढचा दवाखाना दोन तासांवर.

पहिलं घर टेकडीवरचा बंगला. पहारेकरी म्हणाला, "ताई, मालक माहिती देत नाहीत. हवं तर कुत्र्याची लिहून घ्या."

दुसरं घर बाईचंच निघालं. दाराला कुलूप! तिने ते इमानदारीने नोंदवलं.

संध्याकाळी नणंदेने विचारलं, "वहिनी, आपलं घर धरलंत ना?"

"कसं धरू? तू धुणीभांड्याला, मी मोजायला."

पुस्तिकेत नियम अकरा होता : घर बंद असल्यास किंवा माहिती न मिळाल्यास पुढचं उघडं घर घ्यावं. बंगल्यांवरून उतरत गेलं काय, वस्तीतून चढत गेलं काय, बाई दर वेळी मधल्या कॉलनीतच पोचायची. तिथे निवृत्त कारकून दुपारी घरी असत. शंभरात एक्याऐंशी कारकून भरले. निर्देशांक एकोणीस.

बाई आकडे घेऊन पाहणीच्या साहेबांकडे गेली. "साहेब, दोन्ही टोकं सुटलीत. बंद घरांचा हिशोब लावायला हवा."

"टोकं बोचतात हो, बाई. आलेख बघा कसा गुळगुळीत आलाय."

"आणि घरं थोडी घेतली की विषमता मुळात कमीच दिसते. त्याची दुरुस्ती करावी लागते."

"थोडी घेतली की कमी दिसते?" साहेब खुर्चीत सावरून बसले. "मग अजून थोडी घेऊ!"

शंभराची चाळीस झाली, चाळिसाची सात. शेवटी एकच कारकून उरला. तो स्वतःपेक्षा श्रीमंतही नव्हता, गरीबही नव्हता. विषमता शून्य. साहेबांना बढती, कारकुनाला शाल, दवाखान्याला कुलूप.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, नणंदेला कळा सुरू झाल्या. बाई गाडी मागायला कॉलनीत धावली. दारं उघडी होती. प्रत्येक दारातून एकच उत्तर आलं, "अहो, आम्ही माहिती दिलीय ना एकदा!"

नणंद हातगाडीवरून निघाली. मूल रस्त्यातच गेलं. कुटुंबातली माणसं पूर्वीइतकीच. नोंद बदलावी लागली नाही.

साहेबांना सांगून झालं. आता तुम्हाला विचारतो, वाचणाऱ्यांना. त्या दुपारी मधल्या कॉलनीत तुम्ही घरीच होतात. गाडी दारात होती. किल्ली का दिली नाहीत?

उत्तर द्या.