पाळलेलं पाणी

आमच्या गल्लीत कोणी गाय पाळतं, कोणी कोंबड्या पाळतं. शालिकमामाजींनी दीड महिना पाणी पाळलं.

तीन फुटांची काचेची पेटी. तळाला पांढरी वाळू, वाळूवर चार खडबडीत दगड आणि वर काठोकाठ पाणी. मासा एकही नाही. मामाजी रोज सकाळी त्यातलं थोडं पाणी नळीत घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी दारातल्या उजेडाकडे धरून रंग बघायचे. मग वहीत लिहायचे. लोक बघायला येत, काचेला नाक लावून शोधत आणि विचारत, मच्छी कुठी हाये?

"पाणी शिजून राहिलं अजून," मामाजी सांगत. "कच्च्या पाण्यात मच्छी मरते."

शालिकमामाजी आमच्या शेजारचे. गावच्या नात्यानं माझे सासरे लागतात, म्हणून ते मामाजी आणि त्यांच्या घरच्या त्या आत्याबाई. मामाजी जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. तयार झालेला माल तपासायचा आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाले तसा शिक्का फॅक्टरीत राहिला, तपासणी घरी आली. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्याकडे दोनच ढीग आहेत, पास आणि रिजेक्ट. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तर घर पास आणि नवरदेव रिजेक्ट करून आले. भजनी मंडळानं नवा तबला घेतला तेव्हा तबला पास झाला, वाजवणारा राहिला. मी दरवर्षी त्यांना परसातली वांगी देते. देठ बघतात, उलटसुलट करतात, "रिजेक्ट" म्हणतात आणि ठेवून घेतात.

गेल्या पावसाळ्यात आत्याबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, पण बाईंनी मनावर घ्यायला हवं. आत्याबाईंनी मनावर घेतलं नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. मी दुपारी भरवायला जायची. घास घेत, पण नजर भिंतीवरून हलत नसे. मामाजींनी आठवडाभर हे पाहिलं. मग काचेची पेटी आणली आणि त्याच भिंतीला लावली.

त्यात समुद्राची मच्छी ठेवणार म्हणाले. मी विचारलं, घरामागं वैनगंगा वाहते, गावचा तलाव आहे, मग समुद्राची काहून?

"तलावाची मच्छी दिसली का तिले फोडणी आठवते," ते म्हणाले. "ही पाहासाठी पाहिजे."

पाणी खारट करायची वेळ आली तेव्हा मला बोलावणं आलं. धान पेरायच्या आधी आम्ही बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्राम मीठ, हे माप मला पाठ. मामाजींनी विचार केला, समुद्र म्हणजे त्याहून जरा कडक असेल. आम्ही दोघांनी किराणा दुकानातलं पाच-सहा किलो मीठ कालवलं. मी चव पाहिली, त्यांनी पाहिली, पाणी पास झालं. ज्याच्याकडून मासे आणायचे त्या नागपूरच्या दुकानदारानं हे फोनवर ऐकलं आणि तो बराच वेळ हसत राहिला. समुद्रात नुसतं मीठ नसतं, बाकीही पुष्कळ असतं, त्याचं मीठ वेगळं येतं, असं त्यानं सांगितलं.

मामाजींनी सगळं पाणी उपसून परसात ओतलं. आठ दिवसांत कुंपणाला लागून असलेली माझी वांगी वाळली. मामाजी येऊन वाफ्यापाशी उभे राहिले. "तशीबी रिजेक्टच होती," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुठूनशी रोपं आणली आणि लांबच्या वाफ्यात स्वतः लावून दिली.

मग नागपूरचं मीठ आलं, गाळलेलं पाणी आलं, खारटपणा मोजायची कांडी आली आणि पाणी शिजायला बसलं. रस्त्यानं जाणारे दारातून विचारत, शालिकभाऊ, पाणी व्यालं का? मामाजी वहीतून मान वर न करता म्हणत, "ट्रायल चालू हाये."

एका सकाळी नळीतला रोजचा हिरवा रंग पिवळा आला, म्हणजे पाण्यात विष उरलं नाही. पुढचे दोन दिवसही पिवळाच. वहीत 'पाणी पास' असं मोठ्या अक्षरात लिहून मामाजी नागपूरच्या गाडीत बसले आणि संध्याकाळी दोन मासे घेऊन आले. बोटाएवढे, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. पेटीत सोडले तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. आत्याबाईंची नजर त्यांच्यामागं गेली. मासे परत फिरले, नजरही परत फिरली.  मामाजींनी वहीत काहीतरी लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी तार तुटून गावाची लाइन गेली. पंप बंद पडला, म्हणजे पाण्यात हवा जाणं बंद. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मी पितळी लोटा घेऊन धावले. "पितळ रिजेक्ट, मच्छी मरन," म्हणत त्यांनी न्हाणीतला प्लास्टिकचा मग स्वच्छ धुऊन आणला. पेटीतलं पाणी मगात घ्यायचं आणि वितभर उंचीवरून धार परत सोडायची. त्यांचा हात भरून आला की मी, माझा भरून आला की ते. सकाळची दुपार झाली. मी म्हटलं, मामाजी, दोन मच्छ्यांसाठी एवढा जीव कायले काढता?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धारेकडे बघत बोलले.

"तिले समुद्र पाहाचा होता. लग्न झालं तवापासून. दरसाल म्हणे, रजा टाका. मी सांगत होतो, साहेबानं रजा रिजेक्ट केली." हातातला मग पुन्हा भरला. "साहेबापाशी अर्ज गेलाच नव्हता, सुनबाई. एवढं मोठं पाणी म्हटलं का मलेच भेव वाटे."

खाट दोन हातांवर होती. आत्याबाईंना सगळं ऐकू जात होतं. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी मामाजींच्या हातातून मग घेतला.

चारच्या सुमाराला लाइन आली. पंप गुरगुरला. थोड्या वेळानं मासे खाली उतरून दगडामागं गेले. मामाजींनी हात पुसले आणि खाटेच्या कडेला बसले.

"आता तपासणी तुयी," ते आत्याबाईंना म्हणाले. "सांग, पास का रिजेक्ट?"

या माणसानं आपला शिक्का कधी दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता.

आत्याबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग मामाजींकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. तोंडाची डावी बाजू हलली.

"रि..." थांबल्या. पुन्हा जोर लावला. "रिजेक."

आणि अर्ध्या तोंडानं हसल्या.

मामाजी उठले आणि वही घेऊन पाठमोरे उभे राहिले. एक शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला. दिवसभर मग ओतला होता, त्यानंही असेल.

"रिजेक्ट माल दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा लागते," मला म्हणाले. "नियम हाये."

आता रोज चार वाजता मी वांग्यांना पाणी घालत असते तेव्हा पलीकडून मामाजींचा प्रश्न ऐकू येतो. मग जरा वेळानं आत्याबाईंचं उत्तर. हल्ली त्या एका शब्दाला आणखी दोन-चार शब्द जोडतात, बहुतेक मामाजींबद्दलच. मासे चांगले वाढलेत, पण अजून पास झालेले नाहीत. मामाजी रोज विचारतात. त्यांना काही घाई दिसत नाही.