मन्मथअप्पांची तिजोरी

मन्मथअप्पा बूथला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, रस्ता ओलांडायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. एवढ्यावर भागलं तर ठीक. एखाद्या दिवशी शेजारच्या पानटपरीवाल्याला हाक मारायचे, "जरा तू बी वढून बघ बे, माझ्या हाताचा भरोसा न्हाई."

बीडच्या बसस्टँडसमोर त्यांचा एसटीडी बूथ होता आणि वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. मी तिथं शिकवायचो म्हणून अप्पा मला मास्तर म्हणायचे. बूथमधल्या माठाच्या झाकणाला साखळी होती. पंख्याच्या बटणावर लाकडी खोकं होतं आणि खोक्याला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा इतका जड, की अप्पा चालताना एका बाजूला कलायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, पंख्याचं बटण कोण चोरणार?" तर म्हणाले, "चोरी व्हती म्हणून न्हाई, मास्तर. लोकांची सवय बिघडू नये म्हणून." कुठली सवय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग बीडात इंटरनेट आलं आणि अप्पांनी कॉम्प्युटर घेतला. पोरं पुण्याला, मुंबईला, आखातात गेलेली. त्यांचे आईबाप उमापूरहून, वडवणीहून येष्टीनं यायचे आणि ईमेल वाचून घ्यायचे. पासवर्ड त्यांच्या कुठला लक्षात राहतोय? ते अप्पांनी लक्षात ठेवायचे. अप्पा पत्र वाचून दाखवायचे आणि वाचलेलं तिथल्या तिथं विसरून जायचे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, "अमानत हाय बाबा, माझं न्हाई त्यात काय."

एकदा मात्र घोटाळा झाला. उमापूरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी भलत्याच कुणाचं पत्र वाचून दाखवलं. सुनेला मुलगा झाल्याचं ऐकून म्हातारा तसाच उठला, पेढे घेऊन आला, अख्ख्या बूथला वाटले, आणि शेवटचा पेढा स्वतःच्या तोंडात टाकताना त्याला आठवलं, की आपल्या पोराचं लग्न अजून व्हायचंय.

अप्पांनी याचा धसका घेतला. कॉम्प्युटर विकणाऱ्याकडून त्यांनी एक प्रोग्राम बसवून घेतला. सगळ्यांचे पासवर्ड त्यात ठेवायचे आणि तो उघडायचा एकच मोठा शब्द, जो फक्त अप्पांना ठाऊक. अप्पा त्या प्रोग्रामला तिजोरी म्हणत. सकाळी शब्द घालून उघडली, की ती दिवसभर पडद्याआड गपगुमान बसायची आणि लागेल तेव्हा बोलावली की पुढं यायची.

तीच तिजोरी एक दिवस न बोलावता उघडायला लागली. गिऱ्हाइकं बसलेली असायची आणि पडद्यावर एकदम सगळ्यांची नावं, समोर पासवर्ड. अप्पा खांद्यावरचा पंचा मॉनिटरवर फेकायचे आणि ओरडायचे, "डोळे मिटा! समदे डोळे मिटा!" आतल्या केबिनमधला, कापसाचा भाव विचारणारा माणूससुद्धा रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचा.

सुरुवातीला लोक हसले. मग कुजबुजायला लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या साळवे बाईंची मुलगी मुंबईला नर्सिंग शिकत होती. बाई एक दिवस हळूच म्हणाल्या, "अप्पा, राग मानू नका. पण माझं तेवढं त्यातून काढून टाका." अप्पांनी मुकाट्यानं काढलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुपारी आमचा जिना पहिल्यांदाच चढून वर आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "मास्तर, चला खाली. माझी इज्जत चालली."

खाली गेलो, तर त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून बसवलं.

"अहो अप्पा, बघितल्याशिवाय कसं करू?"

"तुमी सांगा, मी दाबतो. अमानत हाय ती."

"बरं. उजव्या बाजूचं बटण दाबा."

"कुणाच्या उजव्या? तुमी उलटे बसलाव."

चुन्याच्या भिंतीकडं बघत मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. सुरू होताना तिजोरी आपोआप उघडणं बंद करायला लावलं. मशीन बंद करून चालू करायला लावलं, शब्द घालून तिजोरी पुन्हा पडद्याआड बसवायला लावली. सगळं ठीक. तेवढ्यात केबिनमधून कुणीतरी हाक मारली. अप्पा उठले, काहीतरी खळ्ळकन वाजलं, आणि लगेच मशीननं 'टुंग' केलं.

"उघडली!" अप्पा केबिनमधून ओरडले. "कावून उघडती ही? मी हात बी लावला न्हाई!"

आता मात्र मी वळलो. कीबोर्डवर किल्ल्यांचा तो जुडगा आडवा पडला होता. आपण उठल्यावर कुणी बटणं दाबू नयेत म्हणून अप्पा तो तिथं ठेवून जायचे. वरच्या ओळीतलं जे बटण दाबलं की तिजोरी पुढं येते, नेमकं तेच त्याच्याखाली दबलेलं. मी जुडगा उचलून दाखवला आणि पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, "म्हंजी मीच रोज उघडत व्हतो."

ते बटण बंद करायचं, तर मोठा शब्द लागणार होता. अप्पांनी बूथमधल्या सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि माझ्या कानात तो सांगितला. काम झाल्यावर मी म्हणालो, "आता शब्द बदलून टाका. मला कळलाय."

"ऱ्हाऊ द्या." अप्पा पंच्यानं मॉनिटर पुसत होते. "कुणाला तरी ठावं पायजे. डोळ्याचं आपरेशन हाय, अंबाजोगाईला. मी नसलो तर लोकांची पत्रं आडकून पडतील."

"सोबत कोण येतंय?"

"सोबत कशाला? येष्टी काय मी चालवणार हाय का?"

ते गेल्यावर क्लास सांभाळून मी बूथ चालवला. साळवे बाई बाहेरून दोनदा डोकावून गेल्या, मग आत येऊन म्हणाल्या, "अप्पांना सांगा, माझं परत घालून ठेवा म्हणावं." ते सांगण्याचं निमित्त करून ऑपरेशनच्या दिवशी मी अंबाजोगाई गाठली.

वॉर्डात प्रत्येक खाटेभोवती माणसं होती. एकाच खाटेजवळ कुणी नव्हतं. डोळ्यावर पट्टी बांधलेले अप्पा सरळ, हात पोटावर ठेवून पडले होते. मी स्टूल ओढलं.

"तुमचा पेशंट शेजारच्या खाटेवर हाय. तिकडं हायेत त्यांची माणसं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी."

मी साळवे बाईंचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. उशाशी चाचपून एक केळं काढलं आणि माझ्या दिशेनं धरलं. "खा. सकाळधरनं काय खाल्लं नसशील."

मी केळं सोलत असताना म्हणाले, "माझं बी एक खातं काढ."

एवढ्या सगळ्यांची पत्रं सांभाळणाऱ्या या माणसाचं स्वतःचं खातं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"काढतो की. पण पत्र कुणाला लिहिणार, अप्पा?"

"तुलाच. तू काय जलमभर बीडात ऱ्हातूस व्हय?"

मी घास गिळला. मग विचारलं, "पासवर्ड काय ठेवू?"

"तूच ठिव कायबी," अप्पा म्हणाले. "मला सांगू नको."