पायसचं कपाट उघडेना

कपाट उघडेना. पायसने मूठ ओढली, भिंतीला पाय लावून ओढली, सायबिणीचं, म्हणजे मेरीमाउलीचं, नाव घेऊन ओढली; पण फुगलेलं दार चौकटीतून तसूभर हललं नाही.

आत पोराचा, डॉमनिकचा, लग्नाचा लोकरी सूट होता. उद्या लग्न, आणि परवा राखेचा बुधवार. एकदा उपासकाळ लागला की ईस्टरपर्यंत लग्नाचं नाव काढायची सोय नाही. लढाईमुळे कापड रेशनवर, म्हणजे दुसरा सूट स्वप्नातसुद्धा नको. त्यात नवरीचा वांद्र्याचा मामा साखरपुड्यातच नाक मुरडून बोलला होता, "उत्तनकरांच्या कपड्यांना कसला तरी वास येतो बाबा!" पायस तिथल्या तिथे कडाडला होता, "लग्नाला या, पोराचा सूट बघा, मंग बोला!"

"मेली दळभद्री हवा!" पायसने कपाटाला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा धरून बसला. "पावसात बुरशी, ऑक्टोबरात घाम, थंडीत दव, उन्हाळ्यात खारा वारा! बारा महिन्यांत या गावात कोरडं काय ऱ्हातं, तर पाद्रीबाबाचं प्रवचन!"

"मी म्हनत होते, सुटाला अधूनमधून ऊन दाखवा," बायको एव्हलिन म्हणाली.

"आनि दार उघडून सगळी ओल आत घेऊ? डांबराच्या गोळ्या घालून मे महिन्यात जे बंद केलं, त्याला कोनाला हात लावू देला न्हाय मी!"

खोबरेल तेल झालं, मेणबत्ती घासून झाली. शेगडीची धग दिली, तर पॉलिश करपलं आणि घरभर धूर झाला. खोकत खोकत शेजारचा व्हिन्सेंट तांडेल आत आला. त्याची स्वतःची होडी होती, त्यामुळे लाकडातलं आपल्याला कळतं यावर त्याचा ठाम विश्वास होता.

"होडी कशी वालवतो आपन? किनाऱ्यावर काढून! कपाट काय येगलं हाय?"

झालं! सहा गडी लागले आणि कपाट किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांशेजारी उभं राहिलं. लगेच बायका ओरडल्या, "सरकवा ते धूड! बोंबलांवर सावली पडते!" कपाट सरकवलं. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला आणि दार होतं त्याहून घट्ट बसलं.

"खारा वारा हाय," व्हिन्सेंट शांतपणे म्हणाला. "सकाली जमिनीवरचा येईल, कोरडा. तवा बघ."

पायसने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जेवायला निघून गेला.

लग्नाच्या सकाळी खरंच जमिनीवरचा वारा आला, ऊन चढलं. तिकडे मांडवात बँड वाजायला लागला. पायस कपाटापाशी एकटाच होता. त्याने मूठ धरली आणि 'टक्' करून दार उघडलं! आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने आत पाहिलं.

कॉलरपासून पाटलोणीच्या टोकापर्यंत सूट हिरवागार झाला होता. बुरशी अशी दाट माजली होती की मूळ रंग कुठला ते सांगता येईना. आणि वास! त्यापुढे शेजारचे बोंबील म्हणजे अत्तर.

"बाबा, उघडलं काय?" डॉमनिक नुसत्या शर्टावर धावत येत होता. मागे कुऱ्हाड घेतलेला व्हिन्सेंट, आणि त्याच्याही मागे वांद्र्याचा मामा.

पायसने खांदा घालून दार धाडकन लोटलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. "न्हाय उघडत!"

"फोडतो मंग," व्हिन्सेंट म्हणाला.

"खबरदार! मुंबईसून पडावाच्या होडीत घालून आनलंय ते! लग्न पोरीशी लावायचंय का सुटाशी? तुजा कोट काढ, दे पोराला!"

"थांबा हो, असं कसं उघडत नाही?" मामा बाह्या सरसावत पुढे आला. "व्हा बाजूला."

पायस बाजूला झाला. मनातल्या मनात त्याने सायबिणीचं नाव घेतलं. मामाने मूठ ओढली, पाय लावून ओढली, लालबुंद होऊन ओढली. धाडकन लोटलेलं दार पुन्हा असं रुतलं होतं की जागचं हललं नाही. शेवटी रुमालाने मान पुसत मामा मागे सरला.

"आमच्याकडची हवा हाय ही!" पायस छाती काढून म्हणाला. "वांद्र्याला अशी न्हाय मिलायची."