बन्सीचं गेम चॅनल

"अख्खं बजाजनगर आता आपलंच चॅनल बघंल, बघच तू!" केबलवाल्या बन्सीनं बायकोला, आवडाबाईला, छातीठोकपणे सांगितलं. चॅनल म्हणजे काय, तर केबलच्या खोलीत बसून बन्सीनं व्हिडिओ गेम खेळायचा आणि लोकांनी तो घरोघरी टीव्हीवर बघायचा!

आणि खरंच बघितला की हो! वाळूजच्या कारखान्यांतून शिफ्ट करून आलेले कामगार हातपाय धुवायच्या आधी फोन करायचे, "बन्सीभाऊ, मागं बघ, मागं! लई आलेत!" बन्सीला आकाश ठेंगणं झालं. त्यात दुष्काळ, नळ कोरडे. म्हणून त्यानं गेमच्या खाली टँकरच्या वेळेची पट्टी सोडली. मग तर बायकाही चॅनलला चिकटल्या.

इथंच माशी शिंकली. गेममधल्या शेवटच्या राक्षसाशी झुंजताना बन्सी पट्टी बदलायला विसरला. कालच्या वेळेवर भरवसा ठेवून सगळी गल्ली हंडे-ड्रम घेऊन भर दुपारी उन्हात उभी! टँकर सकाळीच पुढच्या चौकात रिकामा होऊन गेलेला.

शेजारच्या पारूबाई रिकामा हंडा घेऊन थेट खोलीत शिरल्या.

"मेला का तुमचा राक्षस?"

"मेला की, काकू!" बन्सी आनंदानं ओरडला.

"मग उठवा त्याला, अन् लावा पाणी भरायला!"

त्या दिवसापासून उतरती कळा लागली. लोकांनी टँकरवाल्याचाच मोबाइल नंबर घेतला. नव्या इमारतींच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. फोन मुका झाला. कुणीतरी बघत असेल, एवढ्याच आशेवर बिचारा बन्सी खेळत राहिला. शेवटी एका दुपारी त्यानं जड मनानं चॅनल बंद केलं. फार वाईट वाटलं त्याला.

आणि फोन खणखणला!

"चॅनल का बंद केलं? चालू करा आधी!"

एक प्रेक्षक उरला होता! बन्सीचे डोळे भरून आले. मग आवाज ओळखीचा वाटला.

"आवडे, तू? तू बघतीस व्हय? तुला गेम कळतो?"

"मला काय कळतंय त्यातलं! पण टीव्हीतला तो गडी सारखा खड्ड्यात पडाया लागला, की समजतं, तुम्हाला भूक लागलीय. मग डबा धाडते. आता सांगा, भाकरी टाकू का नको?"

बन्सीनं चॅनल चालू केलं आणि गड्याला मुद्दाम खड्ड्यात ढकललं.